कपाटातले खय्यामसाहेब

आमच्या घरात शॅम्पेन उघडावी इतका मोठा प्रसंग गेल्या पस्तीस-छत्तीस वर्षांत एकदाही आला नाही. तसं बरंच काही घडलं. लग्नं झाली, बारशी झाली, ताई एम.ए.ला पहिल्या वर्गात आली, चितळे रोडवरच्या वाड्यातून आम्ही सावेडीच्या फ्लॅटमध्ये आलो, आप्पा निवृत्त झाले. प्रत्येक वेळी आप्पांनी लोखंडी कपाटाचं दार उघडलं, बाटलीकडे पाहिलं, मग प्रसंगाकडे पाहिलं आणि दार लावून टाकलं. "आत्ता नको. एखाद्या खास प्रसंगाला काढू."

लग्नापेक्षा खास प्रसंग कोणता, असं माझ्या बायकोनं एकदा विचारलं होतं. लग्न तिचंच होतं. आप्पा म्हणाले, "तसं नव्हे गं. तेव्हा तुमच्याकडची मोठी माणसं होती ना."

समजा, प्रसंग पुरेसा मोठा निघालाच, तर वार आडवा यायचा. २००७ साली आपण ट्वेंटी-ट्वेंटीचा विश्वचषक जिंकलो तो सोमवारी, आणि दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी. २०११ साली धोनीनं षटकार मारून विश्वचषक आणला तेव्हा आप्पा स्वतः उठून कपाटापर्यंत गेले होते. आई देवघरातूनच म्हणाली, "शनिवार आहे." शनिशिंगणापूर आमच्याच जिल्ह्यात. त्या गावात घरांना दारं-कुलपं लावत नाहीत, कारण शनिदेवाची नजर असते. ती नजर सावेडीपर्यंत पोचते असं आईचं ठाम मत आहे. पुढे २०२४ साली पुन्हा विश्वचषक आला, तोही शनिवारीच. हे क्रिकेटवाले मुद्दाम करतात, असा आप्पांना संशय आहे.

एकदा मी हिशेब मांडून पाहिला. सोमवार महादेवाचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा (आणि शिर्डी आमच्याच जिल्ह्यात, त्यामुळे साईबाबांचाही), शनिवारचं वर सांगितलंच. रविवारी पाहुणे येतात, आणि पाहुण्यांना कळता कामा नये. मग एकादश्या, संकष्ट्या, श्रावण, गणपती, पितृपक्ष, नवरात्र, मार्गशीर्ष. त्यातून काही उरलं तर सरकारचा ड्राय डे. उरतात ते थोडे बुधवार आणि शुक्रवार, आणि त्या दिवशी आमच्याकडे काहीही घडत नाही.

बाटली साधीसुधी नव्हती. 'ओमर खय्याम' तिचं नाव. ऐंशीच्या दशकात श्याम चौगुले नावाच्या मराठी उद्योजकाच्या डोक्यात आलं की फ्रान्समध्ये बनते तशी फेसाळती वाइन आपण नारायणगावला बनवायची. त्या काळात नारायणगावला जायचं ते द्राक्षांसाठी नाहीतर तमाशासाठी. विठाबाईंचं गाव ते. यात्रेच्या सुपाऱ्या ठरवायला गावोगावचे कारभारी तिथल्या राहुट्यांवर येऊन बसतात. त्या गावात चौगुल्यांनी 'शातो इंडाज' उभारलं आणि विद्या शिकवायला फ्रान्समधल्या रँस शहरातलं पायपर-हाइडसिक हे घराणं गाठलं. घराणं १७८५ पासूनचं, म्हणजे इकडे महादजी शिंदे दिल्लीच्या बादशहाचा कारभार बघत होते तेव्हापासूनचं. तर विद्या फ्रेंच, द्राक्षं जुन्नर तालुक्यातली, मालक मराठी, आणि नाव निशापूरच्या एका इराणी गणितज्ञ कवीचं. एवढं सगळं एका बाटलीत कोंबल्यावर तिला फेस येणारच. आणि ही वाइन परदेशातही विकली जायची, हे आप्पा आजही असं सांगतात की जणू पेट्या त्यांनीच जहाजात चढवल्या.

आप्पा तेव्हा बँकेच्या नोकरीत नारायणगावला होते. एका द्राक्ष बागायतदारानं बदलीच्या वेळी त्यांना ही बाटली दिली. आप्पांनी ती मांडीवर धरून एसटीनं नगरला आणली. आळेफाटा, टाकळी ढोकेश्वर, भाळवणी असा तो रस्ता. त्या काळातला रस्ता म्हणजे मूळ कल्पना रस्त्याची होती, एवढंच. कंडक्टरनं विचारलं, "काय आहे हो त्यात?" आप्पा आयुष्यात फार थोड्या वेळा खोटं बोलले असतील, त्यातली ही एक. ते म्हणाले, "काकवी."

या बाटलीच्या आत पाच ते सहा वातावरणांइतका दाब असतो, मोटारीच्या चाकातल्या हवेच्या अडीच-तीन पट. हे आप्पांना पुष्कळ वर्षांनी भाच्यानं सांगितलं. तेव्हा ते बराच वेळ आपल्या मांडीकडे बघत बसले.

भाचा म्हणजे ताईचा मुलगा. पुण्याला कॉम्प्युटरमध्ये आहे. नाशिककडे जाऊन दोन द्राक्षमळे पाहून आल्यापासून तो पेला डोळ्यांसमोर तिरका धरल्याशिवाय ताकसुद्धा पीत नाही. त्यानंच आम्हाला या वाइनचं शास्त्र समजावलं. आधी साधी वाइन करायची. मग ती बाटलीत भरून वर थोडी साखर आणि यीस्ट घालून झाकण लावायचं. यीस्ट साखर खातं, त्यातून वायू होतो, तो कोंडून राहतो. साखर संपली की यीस्ट मरतं आणि तळाशी बसतं. त्या गाळावर वाइन झोपवून ठेवायची. शॅम्पेनच्या कायद्यात बाटली भरल्यापासून विकेपर्यंत कमीत कमी पंधरा महिने सांगितले आहेत, एकाच सालच्या द्राक्षांची असेल तर तीन वर्षं, आणि जुनी घराणी आपली मानाची वाइन आठ-आठ, दहा-दहा वर्षं तळघरात ठेवतात. रँसला रोमन काळापासूनच्या खडूच्या खाणी आहेत. तिथे उन्हाळा-हिवाळा दहा-बारा अंश तापमान. मग बाटल्या तिरक्या फळ्यांमध्ये उलट्या खोचायच्या आणि रोज थोड्या थोड्या फिरवायच्या, म्हणजे गाळ गळ्याशी येतो. ही युक्ती क्लिको घराण्याच्या विधवा मालकिणीची, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची. पुढे गळा गोठवून गाळाचा गोळा उडवून टाकायचा, बूच मारायचं आणि वर तारेची टोपी घालायची.

"आणि मग?" आईनं विचारलं.

"मग विकायची आजी. आणि लोकांनी प्यायची."

"म्हणजे मुरवायचं काम त्यांनीच करून दिलेलं असतं?"

"हो."

घरात शांतता पसरली. आईनं आप्पांकडे पाहिलं. आप्पा घाईघाईनं म्हणाले, "पण आपण आणखी मुरवली. तुझं लोणचं वर्षाचं चांगलं की दोन वर्षांचं?" हा मुद्दा आईच्या लोणच्यावर गेल्यामुळे कुणालाच खोडता आला नाही.

आमच्या मुरवण्याची पद्धत फ्रेंचांपेक्षा जरा वेगळी होती. खडूची खाण नसल्यामुळे आम्ही पश्चिमेच्या भिंतीला टेकलेलं कपाट वापरलं. एप्रिल-मेमध्ये नगरचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा त्या कपाटाच्या दाराला हात लावला तर चटका बसतो. वरच्या कप्प्यात आईचे शालू, मधल्या कप्प्यात एलआयसीचे कागद आणि चांदीचं निरंजन, खाली दुलया, आणि दुलयांच्या मागे डांबराच्या गोळ्यांच्या वासात खय्यामसाहेब. फिरवण्याची सोय मात्र होती. दर दिवाळीला कपाट आवरताना आई बाटली काढायची, फडक्यानं पुसायची, "कधी जायची ही घरातून" असं म्हणायची आणि दुसऱ्या बाजूनं आत ठेवायची. क्लिकोबाईंच्या तळघरातले लोक दिवसाला हजारो बाटल्या फिरवायचे. आमच्याकडे वर्षाला एक. पण खंड पडला नाही.

दरम्यान मुरवणारं ते नारायणगावचं घराणंही राहिलं नाही. २००८ च्या मंदीनंतर कर्जात अडकलं आणि बंद पडलं. आप्पांनी बातमी वाचून पेपर बाजूला ठेवला आणि म्हणाले, "आता तर मुळीच उघडायची नाही. आता मिळायची नाही."

खरी पंचाईत पुढे झाली. २०१० साली बाल्टिक समुद्रात, फिनलंडच्या ऑलंड बेटांजवळ, पाणबुड्यांना एका बुडालेल्या जहाजात शॅम्पेनच्या दीडशेहून जास्त बाटल्या सापडल्या. जवळपास पावणेदोनशे वर्षं पाण्याखाली पडलेल्या. उघडल्या तर वाइन पिण्याजोगी निघाली. पुढच्या वर्षी त्यातली क्लिकोची एक बाटली लिलावात तीस हजार युरोंना गेली. ही बातमी काकांनी वाचली.

काका भिंगारला रणगाड्यांच्या सेंटरमध्ये हिशेबनीस होते. आयुष्यभर बिलं तपासली, पण बोलतात असं की लोंगेवालाला रणगाडा त्यांनीच वळवला. कँटीनच्या रमवर त्यांचा इतका विश्वास, की बाकी सगळ्या पेयांना ते 'सरबत' म्हणतात. त्यांनी त्या दिवशी पेपरच्या कडेला युरोचे रुपये केले. साधारण एकोणीस लाख निघाले. काका उठले आणि पहिल्यांदाच त्यांनी आमच्या कपाटाला हात जोडले.

तेव्हापासून बाटलीचा दर्जा वाढला. काकांचं म्हणणं, आप्पांची बदली झाली तेव्हा घर एकत्र होतं, सबब बाटली एकत्र कुटुंबाची. आत्याचं म्हणणं, कायद्यानं मुलींचाही हिस्सा असतो. कुणीतरी शंका काढली की त्या बाटल्या पन्नास मीटर खोल, चार अंशांच्या गार अंधारात होत्या म्हणून टिकल्या. त्यावर काकांनी मुळा धरणाचा प्रस्ताव मांडला. बाटली गोणपाटात बांधून, दोरी लावून बारागाव नांदूरच्या बाजूनं पाण्यात सोडायची. खर्च शून्य. आप्पा विचारात पडले होते, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. आईनं विचारलं, "आणि उन्हाळ्यात धरण आटल्यावर? गुरं राखणारी पोरं पितील." प्रस्ताव बारगळला, पण हक्क कुणीच सोडला नाही. दर भाऊबीजेला आत्या ओवाळून झाल्यावर सहज विचारते, "आहे ना रे ती?"

२०२२ च्या जानेवारीत राज्य सरकारनं ठरवलं की हजार चौरस फुटांहून मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी द्यायची. इथून तासाभरावर राळेगणसिद्धीहून अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला. सरकारनं लोकांची मतं मागवायचं ठरवलं, उपोषण टळलं. पण तोवर टीव्हीवर रोज रात्री एकच भांडण चालायचं, की वाइन ही दारू आहे की नाही. आमच्याकडे तर हे भांडण कपाटासमोर व्हायचं. आप्पा म्हणत, फळांचा रस आहे. काका म्हणत, रस आहे म्हणूनच मी पीत नाही. मग काकांनी आपला दारू पिण्याचा आजीवन परवाना दाखवला. परवाना आरोग्य राखण्यासाठी देतात, असं त्यावर सरकारनंच म्हटलेलं आहे. "म्हणजे मी औषध घेतो, आणि तू सरबत पितोस. दारू कोण पितं मग या घरात?" आई एवढंच म्हणाली, "दारू नसेल तर दुलयांच्या मागे कशाला लपवता? फ्रीजमध्ये ठेवा, सरबताशेजारी." त्या रात्री टीव्हीवरच्या एकाही तज्ज्ञाला इतकं नेमकं सुचलं नाही.

मागच्या वर्षी भाच्यानं बाटली उजेडात धरली आणि डॉक्टरी आवाजात सांगितलं, "मामा, पातळी खाली गेलीये. रंग बघ. आणखी ठेवली तर काही उरणार नाही." आप्पांनी ताबडतोब विचारलं, "प्रसंग कोणता?" भाचा म्हणाला, "प्रसंग हाच, की बाटली उघडायची आहे." हे तर्कशास्त्र आप्पांना पटलं नाही, पण पंचांगात आईला एक निष्पाप बुधवार सापडला. ना एकादशी, ना संकष्टी, ना कुणाची पुण्यतिथी. घराण्याचे सगळे वारस जमले. आत्या स्वतःचा पेला घेऊन आली, मापाचा.

वाइन आठ अंशांना गार हवी होती. फ्रीजमध्ये आमरसाचे डबे, भिजवलेले वाल आणि कोथिंबिरीची जुडी यांनी जागा सोडायला नकार दिला. शेवटी बाटली बर्फाच्या बादलीत ठेवली. बादली आंघोळीची होती, हे भाच्याला सांगितलं नाही. पेले उंच आणि निमुळते हवेत, म्हणजे बुडबुडे दिसतात असं तो म्हणाला. आमच्याकडे उंच आणि निमुळतं असं फक्त स्टीलचं लस्सीचं भांडं आहे, त्यातून काहीच दिसत नाही.

मग तारेची टोपी. ही तार सहा अर्धे वेढे उलटे फिरवले की सुटते, आणि बुचावर अंगठा दाबून ठेवायचा. बूच फिरवायचं नाही, बाटली फिरवायची. आमच्या तारेनं पहिल्याच वेढ्याला मान टाकली आणि भाच्याच्या हातात गंजाची भुकटी राहिली. सगळे एक पाऊल मागे सरले. काकांनी आईला पुढे करून तिच्या मागे जागा धरली. आप्पांनी मांडी झाकून घेतली. टीव्हीवर मोटारींच्या शर्यतीत बघतो तसा धडाका उडणार, पंखा फुटणार, खालचे कुलकर्णी वर येणार, सगळ्याची तयारी झाली होती. आईनं देवघराचा पडदा ओढला.

काहीच झालं नाही. बूच ढिम्म हलेना.

इथे काकांमधला घोडदळवाला जागा झाला. नेपोलियनचे घोडेस्वार तलवारीच्या एका फटक्यात बाटलीचा गळा उडवत, असं सांगतात. नगर म्हणजे रणगाड्यांचं गाव आणि रणगाडे म्हणजे आधुनिक घोडदळ, म्हणजे हा आपला वारसाच, असं काकांचं म्हणणं. त्यांनी तलवार मागितली. घरात तलवार नव्हती. विळी होती. पायाखाली विळी धरून बाटली तिच्यावर ओढावी की बाटली धरून विळी हाणावी, यावर थोडी चर्चा झाली. मग बायकोनं विळी उचलली आणि स्वयंपाकघरात जाऊन भेंडी चिरायला घेतली.

बूच अखेर पकडीनं आणि माझ्या स्क्रू-ड्रायव्हरनं निघालं, पण तुकड्यातुकड्यानं. अर्धं बाहेर, अर्धं आत. आवाज म्हणावा तर फक्त आत्याचा झाला. खय्यामसाहेबांना बोल लावण्यात अर्थ नाही. इतके नगरचे उन्हाळे शालूंच्या शेजारी काढल्यावर कुणाच्याही अंगातली हवा जाईल. चहाच्या गाळणीतून ओतली तेव्हा रंग तपकिरी होता आणि बुडबुडा एकही नव्हता. भाच्यानं पेला तिरका केला, डोळे मिटले आणि म्हणाला, "बदाम. भाजलेला पाव. थोडं मशरूम." मीही डोळे मिटले. मला डांबराच्या गोळ्या लागल्या, पण चारचौघांत मी म्हणालो, "मशरूम तर आहेच."

"खोल आहे," आत्या म्हणाली. तिनं दुसऱ्यांदा पेला पुढे केला, हिश्श्याप्रमाणे.

काकांनी एका घोटात संपवली आणि बराच वेळ छताकडे पाहिलं. आई म्हणाली, "नासलीये." तिनं घेतली नव्हती, नुसत्या वासावरून सांगितलं. सगळ्यांनी तिला समजावलं की हे असंच असतं, जुन्या वाइनची चव कळायला सवय लागते. ही सवय आम्हाला सगळ्यांना साधारण चार मिनिटांपूर्वी लागली होती.

आप्पा मात्र काही बोलत नव्हते. पेला अर्धा ठेवून त्यांनी विचारलं, "नाशिकला ती फ्रेंच कंपनी आलीये ना, दिंडोरीला? शांदों का काय ते? तिथली केवढ्याला पडते?" भाचा खूष झाला. म्हणाला, "आणतो की आप्पा, पुढच्या वेळी. थेट उघडूच." आप्पा म्हणाले, "आण आण. उघडायचं बघू."

दुसऱ्या दिवशी रिकामी बाटली घेऊन मी भंगारवाल्याकडे गेलो. आल्यागेल्याला दाखवायला ठेवू, असं आत्याचं म्हणणं होतं, पण आईनं पिशवीत घालून माझ्या हातात दिली होती. या बाटल्या आतला दाब सोसायला जाड काचेच्या करतात. रिकामी बाटलीसुद्धा पाऊण-एक किलो भरते. भंगारवाल्यानं ती हातात तोलली, बुडाच्या खोलगट खड्ड्यात अंगठा घालून पाहिला, लेबल वाचायचा प्रयत्न केला.

"कुठली?"

"नारायणगावची," मी म्हणालो. "फ्रेंच पद्धतीची. आता बनत नाही. फार जुनी आहे."

"बियरची असती तर घेतली असती, परत भरायला जाते," तो म्हणाला. "हिचं काय करू मी? वजनालाच घ्यायची म्हटलं तर काचेला भाव नाय राह्यला आता." आणि मग माझं तोंड बघून असेल, त्यानं बाटली काट्यावरून उचलून माझ्या पिशवीत परत ठेवली. "ठेवा साहेब घरी. लागेल कधीतरी."